सव्वा नॅनोसेकंद

गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची 14 दारं कधी उघडायची आणि कधी लावायची, हे आमच्या धर्माबाद तालुक्यात पाऊसही ठरवत नाही आणि पाटबंधारे खातंही नाही. ते सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलंय. 28 फेब्रुवारी 2013चा निकाल आहे. 1 जुलैला दारं वर. 28 ऑक्टोबरपर्यंत ती वरच. 29ला खाली. आणि मध्ये 1 मार्चला खालच्या तेलंगणासाठी 0.6 टीएमसी पाणी सोडायचं. 1 जुलैला आभाळात ढगाचं नाव नसलं तरी दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या आणि केंद्रीय जल आयोगाच्या साक्षीनं दारं उघडतात आणि आमच्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत उरलंसुरलं पाणी निघून जातं. या निकालाआधी, जुलै 2010मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसकट हा बंधारा बघायला निघाले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम पोलिसांच्या देखरेखीखाली धर्माबादच्या आयटीआयमध्ये पडला होता. आमच्याकडे पर्यटन आलं ते असं.

सांगायचा मुद्दा, कुठलं दार किती वेळ उघडं ठेवायचं यावर हट्टाला पेटणं इथल्या पाण्यातच आहे. माझ्या भाच्यानं तो हट्ट संगणकात नेला, एवढंच.

भाचा लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्याची खोली आहे. मोंढा म्हणजे लाल मिरचीचा. मिरचीचा हंगाम सुरू झाला की त्या गल्लीतून नाकाला रुमाल न लावता जाणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा आडत्या. भाच्याच्या संगणकाच्या आत बसलेली धूळ साधी नसते. त्यानं कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा आधी बाजूला घेतो आणि मग शिंकतो. हा अनुभवाचा भाग आहे.

तर भाच्यानं नांदेडहून नवी रॅम आणली. डब्यावर 3200 लिहिलेलं. बसवली, आणि बघतो तर चालतीय 2133नं.

‘‘मामा, पैसे 3200चे दिले अन् चालू लालीय 2133नं! फसवलं की ओ मला.’’

लगेच दुकानदाराला फोन. दुकानदार म्हणाला, माल बरोबर आहे, तुमच्या बोर्डातच काहीतरी असेल. दुकानदार असं म्हणाला की तो खोटं बोलतोय असं धरून चालायची आपल्याकडे रीत आहे. इथं मात्र त्याचं बरोबर निघालं. डीडीआर4 रॅमचे काही वेग जेडेक नावाच्या संस्थेनं सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेले आहेत. नवी रॅम खोचली की मदरबोर्ड त्यातल्याच एखाद्या खात्रीच्या, सावकाश वेगानं सुरुवात करतो. डब्यावरचा 3200 हा कंपनीचा दावा असतो, आणि तो कसा साधायचा याची कुंडली रॅमच्या पट्टीवरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये लिहून ठेवलेली असते. बायोस नावाच्या सेटिंगच्या पडद्यात जाऊन एक्सएमपी चालू केलं की बोर्ड ती कुंडली वाचतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो. इंटेलनं ही सोय 2007मध्येच आणली. एक बटण. दुसरं काही नाही. नांदेडला फोन करायला लागला त्याहून कमी वेळ.

शहाण्या माणसाचा लेख इथं संपला असता. पण धर्माबादच्या घराघरात मिरची स्वतः निवडायची, देठ खुडायचे, पत्र्यावर वाळवायची आणि कांडपाच्या यंत्रापाशी स्वतः उभं राहून, डोळ्यांतून पाणी काढत, कुटून आणायची अशी पद्धत. भाच्याच्या लेखी एक्सएमपी म्हणजे पाकिटातलं तिखट. पाहुण्यांना चालतं, आपल्याला नाही. त्यानं टायमिंग हातानं लावायचं ठरवलं.

आता हे टायमिंग काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण मला ते जेवणाच्या ताटावरसुद्धा ऐकायला लागलंय. रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. त्यात वीज भरलेली असली की एक, नसली की शून्य. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट 1968चं. असे कोट्यवधी कपॅसिटर आडव्या ओळींत आणि उभ्या रकान्यांत मांडलेले असतात. प्रोसेसरला एखादी माहिती हवी असली की आधी ती ओळ उघडायची, मग त्यातला रकाना मागायचा. दुसऱ्या ओळीतलं काही हवं असेल तर आधीची ओळ बंद करायची, मग दुसरी उघडायची. प्रत्येक कामाला घड्याळाचे ठरावीक ठोके थांबावं लागतं. भाच्याच्या रॅमवर ते छापलेले होते: 16-18-18-38. रकाना मागितल्यापासून माहिती हाती यायला 16 ठोके. ओळ उघडल्यावर रकाना मागायच्या आधी 18. ओळ बंद करायला 18. आणि एकदा उघडलेली ओळ कमीत कमी 38 ठोके उघडीच राहिली पाहिजे. म्हणजे 14 दारांचा बंधारा सांभाळायला दोन राज्यं, एक केंद्रीय आयोग आणि सर्वोच्च न्यायालय लागतं. इथं कोट्यवधी दारांचा बंधारा आहे आणि तो सांभाळायला आमचा भाचा.

हे चार आकडे त्यानं एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवले. चिठ्ठी चहाच्या टपरीवर पडली. टपरीवाल्यानं ती उचलली, वाचली, आणि अत्यंत आदरानं माझ्याकडे आणून दिली. ‘‘मामा, पोरानं जोड्या काढल्या काय? कल्याणच्या का मेनच्या?’’ मी म्हटलं, अरे हे संगणकाचे आकडे आहेत. त्यानं डोळा बारीक केला. ‘‘संगणकावर काढले म्हणजे पक्केच असतील. पण 18 दोनदा कशाला लावला?’’

ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी सांगतो, मटक्यात जोडी दोन आकड्यांची असते आणि ओपन-क्लोज असा हिशोब असतो. हा उद्योग मुंबईत मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर चालायचा, पुढे 1962मध्ये कल्याणजी भगत यांनी त्याला आपलं नाव दिलं. टपरीवाल्याला मी बराच वेळ समजावलं की हेसुद्धा ओपन-क्लोजच आहे, पण ओळींचं. यामुळे त्याचा संशय आणखी बळावला. भाच्याचे आकडे संध्याकाळपर्यंत स्टेशनपर्यंत पोचले होते. कुणी लावले आणि कुणाला लागले हे मी विचारलं नाही.

भाच्याचं ध्येय काय होतं? तर 16चे 14 करायचे. 3200च्या रॅमचं घड्याळ सेकंदाला 160 कोटी ठोके देतं, म्हणजे एक ठोका 0.625 नॅनोसेकंदाचा. असे 16 ठोके म्हणजे बरोबर 10 नॅनोसेकंद. 14 केले की 8.75. कमाई, सव्वा नॅनोसेकंद.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. अमेरिकेच्या नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत तारेचे तुकडे वाटायच्या, जवळजवळ एक फूट लांबीचे, आणि सांगायच्या की हा घ्या एक नॅनोसेकंद. वीज एवढ्या वेळात जास्तीत जास्त एवढीच धावू शकते. त्या हिशोबानं भाच्याची कमाई सव्वा फूट झाली. दक्षिणा सव्वा रुपया, प्रसाद सव्वा किलो आणि वेगाची वाढ सव्वा फूट. आपल्याकडे शुभकार्याला सव्वाच लागतो, तेव्हा मी गप्प बसलो.

याहून एक खमंग हिशोब आहे, तो मी भाच्याला मुद्दाम सांगितला. वीसेक वर्षांपूर्वी डीडीआर-400 नावाची रॅम होती. त्यातली चांगली पट्टी 2 ठोक्यांत उत्तर द्यायची. तेव्हा एक ठोका 5 नॅनोसेकंदांचा. दोन पंचे दहा. मग डीडीआर3 आली, 1600ची, 8 ठोके. एक ठोका 1.25चा. पुन्हा दहा. भाच्याची डीडीआर4, दहा. आणि आता बाजारात जी डीडीआर5 मिरवते, 6000ची, 30 ठोक्यांची? तिचा ठोका एक-तृतीयांश नॅनोसेकंदाचा. तीस भागिले तीन. दहा! चार पिढ्या झाल्या, एका वेळी उचलायच्या मालाची रेलचेल कितीतरी पटींनी वाढली, पण पहिला घास ताटात पडायला तेव्हाही दहा नॅनोसेकंद आणि आताही दहाच. कारण आत बसलेला कपॅसिटर तोच, त्याला भरायला-वाचायला लागणारा वेळ तोच. बाहेरचं घड्याळ तेवढं जोरात पळायला लागलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विकासाच्या गाडीची गती सतत वाढत असते, पण आपला डबा जागच्या जागी असतो, हे आपण नित्य बघतो.

भाचा म्हणाला, ‘‘म्हणूनच तर हातानं करायचं मामा.’’ तरुण रक्तापुढे गणित टिकत नाही.

बायोसमध्ये शिरायचं म्हणजे संगणक चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं. भाच्याच्या कीबोर्डचं ते बटण जरा जड आहे. तो ते दाबत असताना स्वतःशीच पुटपुटत होता, ‘‘डिलीट, डिलीट, डिलीट...’’ आणि स्वयंपाकघरातून माझी बहीण लाटणं घेऊन धावत आली. बिलोलीच्या पाहुण्यांचं लग्न त्या संगणकात होतं, ॲडव्हान्स घेतलेला होता. तिला वाटलं पोरगं लग्नच उडवायला निघालं. हळद, सीमांतपूजन, वरात, सगळं.

‘‘आरं पण आधी त्याच्यात काय बिघडलं होतं?’’ ताईनं विचारलं. हा प्रश्न आजवर जगातल्या प्रत्येक हौशी मेकॅनिकला त्याच्या आईनं विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

बायोसचा पडदा तुम्ही पाहिला नसेल तर बरंच आहे. चार आकडे ही फक्त दर्शनी ओसरी. आत माजघरात ढीगभर आकडे असतात. टी-आर-सी, टी-आर-एफ-सी, टी-डब्ल्यू-आर, टी-एफ-ए-डब्ल्यू. यातला शेवटचा म्हणजे लागोपाठ चार ओळी उघडल्यावर पाचवीच्या आधी दम खायची सक्ती, कारण एवढ्या ओळी एकदम उघडल्या तर चिपला वीज पुरत नाही. चिपला दम खायची मुभा आहे, लग्नातल्या वाढप्याला नाही. असो. भाचा हे सगळं यूट्यूबवर तेलुगूतून शिकला. धर्माबादपासून तेलंगणातलं बासर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तेलुगू इथं प्रत्येकाला पोटापुरती येतेच. आकडे इंग्रजीत, क्रियापदं तेलुगूत, शिव्या मराठीत, असा अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालायचा.

आणि व्होल्टेज! रॅमला जेडेकनं 1.2 व्होल्ट बांधून दिलेत, एक्सएमपीत 1.35 होतात. भाचा त्यावर एक शतांश, दोन शतांश असं थेंब थेंब वाढवत होता, श्वास रोखून. ज्या गल्लीत संध्याकाळी ट्यूबलाइट पेटायच्या आधी पाच मिनिटं विचार करते, पाणी तापवायचा हीटर शेजारी लागला की आपल्या घरातला पंखा मान टाकतो, त्या गल्लीत हा माणूस व्होल्टच्या शंभराव्या भागाची काळजी करत बसला होता. मला त्याचं कौतुकच वाटलं.

14 लावले. एफ-10 दाबून सेव्ह केलं. पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, पडदा काळा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा काळा. बोर्ड काही वेळा स्वतःच प्रयत्न करून बघतो, आकडे जमेनात तर आपणहून जुन्या वेगावर परततो आणि तसा निरोप देतो. हा बोर्ड मात्र रुसूनच बसला.

‘‘मामा, चालूच व्हईना गेलंय.’’

अशा वेळी भारतीय माणूस पहिला उपाय करतो तो खोडरबराचा. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. दात स्वच्छ होतात हे खरं, म्हणून कधी कधी गुण येतो. पण आकडे चुकलेले असताना दात घासून काय होणार? मिरचीची धूळ उडाली, तिघंही शिंकलो, पडदा काळाच.

खरा उपाय बोर्डावरच्या गोल सेलमध्ये होता. सीआर2032, तीन व्होल्टचा, बिस्किटासारखा. तो काढून थोडा वेळ थांबलं की बायोस आपल्या सगळ्या सेटिंग विसरून जातो आणि पुन्हा बाळबोध होतो. भाच्यानं सेल काढला तर तो अगदीच मरायला टेकलेला निघाला. नवा बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला. संगणक सुरू झाला. फक्त तारीख मागे गेली होती, बोर्ड तयार झाला त्या सुमाराच्या वर्षातल्या 1 जानेवारीला. तारीख जुनी असली की इंटरनेटवरची निम्मी पानं उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं अजून जन्मलेलीच नाहीत असं संगणकाला वाटतं. ताईनं पडद्याच्या कोपऱ्यातलं साल वाचलं आणि म्हणाली, ‘‘बरंय, तेव्हा तू दहावीला होतास. आता तरी अभ्यास कर.’’

शेवटी, तेलुगू गुरूंच्या कृपेनं आणि व्होल्टेजच्या जोरावर, 14 एकदाचे लागले. मग परीक्षा. मेमटेस्ट86 नावाचा एक जुना कार्यक्रम आहे, 1994पासूनचा. तो रॅमच्या कानाकोपऱ्यात आकडे लिहितो, पुन्हा वाचतो, फरक सापडला की पडद्यावर लाल ओळ उमटवतो. रात्रभर चालवला. लाल ओळ नाही. डिसेंबरचे दिवस होते, खोलीत गारवा होता, भाच्यानं सगळ्या गल्लीला चहा पाजला.

इथंच थांबला असता तर? पण त्याच्या वाचनात आलं होतं की रॅमला मध्ये मध्ये काम थांबवून स्वतःला ताजं करून घ्यावं लागतं. कपॅसिटर गळके असतात. भरलेली वीज झिरपून जाते. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा वाचून पुन्हा भरायच्या असतात. त्यासाठी साधारण दर 7.8 मायक्रोसेकंदांनी रॅम क्षणभर दार लावून घेते, कितीही घाईचं गिऱ्हाईक उभं असो. बायोसमध्ये ही मुदत वाढवायची सोय असते. भाच्यानं ती भरपूर वाढवली. कमी वेळा थांबली, तर जास्त काम. मेमटेस्ट पुन्हा पास.

आता एक गोष्ट, जी धर्माबादच्या माणसाला खरं तर आधीच सुचायला हवी. उन्हाळा. कपॅसिटरमधली वीज उष्णतेनं जास्त वेगानं झिरपते. इतकी, की चिपचं तापमान 85 अंशांच्या वर गेलं तर ताजं व्हायची मुदत निम्मी करा, असं जेडेकच्या नियमातच लिहिलंय. आणि हे 64 मिलिसेकंदांच्या शिस्तीत राहणाऱ्या रॅमसाठी. जिची मुदत आपण हातानं ताणली, ती त्याच्या कितीतरी आधीच घामाघूम होते. नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 43-44ला टेकतो, भाच्याच्या खोलीवर पत्रे आहेत, आणि लगीनसराई नेमकी तेव्हाच. म्हणजे रॅम सगळ्यात जास्त तापते तेव्हाच तिला सगळ्यात जास्त काम.

वैशाखात एक लग्न बाहेर पडलं त्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या कपाळावरून एक हिरवी पट्टी गेली. दुसऱ्यात नवरीचे मामा अर्धेच दिसले. उरलेल्या अर्ध्या भागात जेवणाची पंगत होती. तिसऱ्याची फाईल नव्वद टक्क्यांवर येऊन बंद पडायची. रॅमची चूक अशीच असते. ती ओरडून सांगत नाही. एक शून्य कुठंतरी एक होतं आणि ते मुकाट्यानं फाईलमध्ये लिहिलं जातं. अर्ध्या मामांकडून तक्रार आली नाही, ते पंगतीवर खूष होते. हिरव्या पट्टीवाल्यांना वाटलं हा नवा इफेक्ट आहे. शेजाऱ्यांनी आपल्याही लग्नात तसाच मागितला.

आणि हा सगळा खटाटोप करून मिळालं किती? जवळपास काहीच नाही. व्हिडिओ मिक्सिंगचा बहुतेक भार प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर असतो. शिवाय प्रोसेसर पुन्हा पुन्हा लागणारी माहिती स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो, रॅमकडे तो नाइलाज झाल्यावरच येतो. काही खेळांमध्ये टायमिंगचा फरक जाणवतो हे खरं. लग्नात नाही. तासाभराच्या कामात वाचली तर एखाद-दोन मिनिटं वाचतील. आणि ती वाचवून करायचं काय? धर्माबादेत लग्नाचा पेनड्राईव्ह न्यायला जोडपं येतं ते बारशाचं शूटिंग ठरवायला. उरलेले पैसे जावळाच्या वेळी. सव्वा नॅनोसेकंदानं लवकर तयार झालेलं लग्न दीड वर्ष टेबलाच्या खणात पडून असतं.

माझं मत विचाराल तर 2133वर गप्प बसणं हा मूर्खपणा आहे. डब्यावरचा वेग तुम्ही पैसे मोजून घेतलेला आहे आणि तो तसाच डब्यात पडून राहतो. कितीतरी घरांत, दुकानांत, नेट कॅफेत महागाची रॅम अशी अडवून ठेवलेल्या पाण्यासारखी बसलेली मी पाहिली आहे. रॅमचे भाव काय झालेत ते अलीकडे विकत घ्यायला गेलेल्याला विचारा. पण एक्सएमपीच्या पुढचे आकडे मात्र ज्याला झोप प्रिय नाही त्याच्यासाठी. भाच्यानंही आता एक्सएमपी चालू करून बाकीचं बोर्डावर सोडलंय. सध्या तो पंख्यांचा वेग हातानं लावतोय, आणि तो विषय मी घरात काढू देत नाही.

तेव्हा वाचकहो, आज घरी गेल्यावर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि तिथं वेग काय लिहिलाय तो डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. कमी दिसला तर दुकानदाराला शिव्या द्यायच्या आधी एक्सएमपी चालू करा. आणि टायमिंग हातानंच लावायची खाज असेल तर मे महिन्यात लावा, दुपारी लावा, आणि कुणाचं लग्न संगणकात नसताना लावा.